नदी उतरायची, शूट करायची आणि वर पुस्तकही लिहायचं, एकाच माणसाला जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाने विचारलंय की मला एक नदी उगमापासून समुद्रापर्यंत करायचीये, त्याची फिल्म करायचीये आणि नंतर पुस्तक लिहायचंय, ही तिन्ही कामं करणारी माणसं असतात ती नेमकं काय करतात, पोट कशावर भरतात, आणि सुरुवात होडीपासून करू की कॅमेऱ्यापासून. नदीचं नाव दिलेलं नाही. वयही नाही, पण लिहिण्यावरून पंचविशीच्या आतबाहेरचा वाटतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी बावीस वर्षं यात आहे. आधी सेफ्टी कयाकर, म्हणजे लोकांची राफ्ट उलटली की पाण्यात पडलेल्यांना गोळा करत फिरायचं, मग राफ्ट गाइड, मग दुसऱ्यांच्या फिल्म युनिटला सामानासकट सुखरूप खाली पोचवायचं काम, आणि त्यातूनच हळूहळू कॅमेरा हातात आला. लिहायला लागलो सगळ्यात शेवटी, तेही एका संपादकबाईंनी 'तोंडाने एवढं रंगवून सांगताय तर लिहून का देत नाही' असं सुनावलं तेव्हा.

तर उत्तर असं की जमतं. फक्त डोक्यात एक चित्र असतं ना, की मोहीम हे खरं काम आणि फिल्म-पुस्तक हे मागून येणारं, ते काढून टाक, कारण वेळेचा हिशोब मांडलास तर पाण्यावरचे दिवस हा सगळ्यात छोटा तुकडा निघतो आणि उरलेलं सगळं आयुष्य ते सांगण्यात जातं. हे मला कोणी समजावलं नव्हतं, मला ते कळलं दोन भावांची गोष्ट वाचून. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब. नदीवरचा शोधक, लेखक आणि फिल्मवाला हे तिन्ही एकाच घरात पहिल्यांदा कुठे जमलं म्हणशील तर मी यांच्याकडेच बोट दाखवेन.

दोघे पेनसिल्व्हेनियाकडचे. एल्सवर्थ १९०१ मध्ये ग्रँड कॅन्यनला, म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या प्रचंड खोल घळीपाशी, पोचला, धाकटा एमरी पुढच्या वर्षी. कॅन्यनच्या काठावर, ब्राइट एंजल पायवाट जिथे सुरू होते अगदी तिथेच त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. धंदा साधा होता, खेचरांवर बसून खाली जाणाऱ्या टुरिस्टांचा सकाळी फोटो काढायचा आणि ते परत वर येईपर्यंत प्रिंट तयार ठेवायची. आता गंमत बघ. वर काठावर पाणीच नाही. फोटो धुवायला स्वच्छ पाणी लागतं, आणि ते मिळायचं जवळजवळ ३,००० फूट खाली, इंडियन गार्डन नावाच्या झऱ्यापाशी (त्या जागेचं नाव २०२२ मध्ये बदलून हवासुपाई गार्डन्स केलंय). म्हणजे फोटोच्या काचा (तेव्हा निगेटिव्ह काचेवर असायची) घेऊन सात किलोमीटर खाली पळायचं, तिथल्या डार्करूममध्ये डेव्हलप करायचं आणि पुन्हा सात किलोमीटर चढून खेचरांच्या आधी वर. हे एमरी जवळपास रोज करायचा. मला कोणी विचारलं ना की ॲडव्हेंचर फोटोग्राफरचं काम कसं असतं, तर मी त्यांनी पुढे केलेल्या नदीच्या मोहिमेचं नाव न घेता आधी हे सांगतो, कारण या धंद्याचा नव्वद टक्के भाग असाच आहे, कुठेतरी लांब असलेलं पाणी आणि त्याच्यासाठी पळणं.

मग १९११. ८ सप्टेंबरला वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावातून दोघं निघाले, तिथल्या ग्रीन नदीने खाली कोलोरॅडोत उतरायला, दोन होड्या घेऊन, एकीचं नाव एमरीच्या मुलीवरून एडिथ आणि दुसरी डिफायन्स. होड्या खास बनवून घेतल्या होत्या, सपाट बुडाच्या, पुढे-मागे झाकलेल्या कप्प्यांच्या, आणि वल्हवायची पद्धत नॅथॅनियल गॅलोवे या सापळे लावून शिकार करणाऱ्या माणसाची, म्हणजे वल्हेवाला खालच्या बाजूला, पाणी जातं त्या दिशेला, तोंड करून बसतो, समोरचा रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळत धावणारं पाणी, त्याला दिसतो आणि तो वल्ही उलटी मारत होडीचा वेग कमी करत करत खडकांच्या मधून काढतो. आज तुला हे वेगळं वाटणार नाही, पण त्याच्या आधी लोक खालच्या बाजूला पाठ करून, जीव खाऊन वल्ही मारत, न बघता रॅपिडमध्ये घुसायचे. हीच नदी १८६९ मध्ये सगळ्यांच्या आधी उतरलेल्या जॉन वेस्ली पॉवेलची माणसंही तशीच गेली होती.

सोबत हाताने हँडल फिरवायचा मूव्ही कॅमेरा. तिसरा एक सोबती होता तो सुरुवातीच्या टप्प्यातच सोडून गेला, मला त्याचं अजिबात आश्चर्य वाटत नाही. नदीचा म्हणावा असा अनुभव दोघांनाही नव्हता. १६ नोव्हेंबरला आपल्याच घराच्या खाली, ब्राइट एंजलला पोचले, महिनाभर थांबले, १९ डिसेंबरला पुन्हा पाण्यात उतरले, आता बर्ट लॉझन नावाचा एक गडी बरोबर होता. नाताळच्या आदल्या दिवशी वॉल्टनबर्ग रॅपिडमध्ये एकाची होडी उलटली आणि दुसऱ्याची खडकावर आपटून फुटली. नाताळ होडी ठोकण्यात गेला. १८ जानेवारी १९१२ ला कॅलिफोर्नियात नीडल्सला पोचले. एल्सवर्थला तेवढ्याने समाधान नाही, १९१३ मध्ये तो उरलेली नदी समुद्रापर्यंत करून आला.

आता हिशोब कर. सप्टेंबर ते जानेवारी, साधारण चार महिने, त्यातला एक महिना घरी. त्यानंतर फिल्म घेऊन शहरोशहरी व्याख्यानं. १९१४ मध्ये एल्सवर्थचं पुस्तक आणि त्याच वर्षी नॅशनल जिऑग्राफिकमध्ये मोठा लेख. १९१५ पासून स्टुडिओतच छोटं थिएटर काढून तीच फिल्म रोज दाखवायला सुरुवात, एमरी समोर उभा राहून तोंडाने सांगायचा. आणि ती फिल्म चालू राहिली कधीपर्यंत, तर १९७६ मध्ये एमरी ९५ व्या वर्षी गेला तोपर्यंत. चार महिन्यांची मोहीम आणि ६१ वर्षं सांगणं! मध्ये भावाभावांचं पटेना, मग स्टुडिओ कोणी ठेवायचा हे नाणं उडवून ठरवलं म्हणतात, एमरी जिंकला, एल्सवर्थ दरमहा ठरावीक पैसे घेऊन लॉस एंजेलिसला निघून गेला. ज्याने पुस्तक लिहिलं, जो समुद्रापर्यंत गेला, तो बाहेर, आणि जो रोज तीच गोष्ट न कंटाळता सांगू शकत होता तो काठावर राहिला. यातून कोणी काय घ्यायचं ते घ्यावं, मी मात्र ही गोष्ट वाचली त्या दिवशी माझ्या मोहिमांचं वेळापत्रक बदललं, दरवर्षी दोन नद्या करायचो ती एक केली.

आता तुझा होडी का कॅमेरा हा प्रश्न. होडी. याच्यावर मी वाद घालणार नाही. पॉवेलच्या दुसऱ्या मोहिमेत, १८७१-७२ ची, एक जॅक हिलर्स नावाचा माणूस होता. त्याला घेतलेलं वल्ही मारायला. अधिकृत फोटोग्राफर वेगळा होता, तो मध्येच सोडून गेला, आणि वल्ही मारणारा हिलर्स काचा धुवायला मदत करता करता शिकला आणि पुढे अमेरिकेच्या सरकारी सर्व्हेचा नामांकित फोटोग्राफर झाला. नावाड्याचा फोटोग्राफर होतो. फोटोग्राफरचा नावाडी व्हायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पाणी देत नाही.

पाणी वाचणं म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण इथे घाई करून चालत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. सेकंदाला २०० घनमीटर वाहणाऱ्या नदीत (मध्यमच नदी झाली ही) तुझ्या समोरून दर सेकंदाला दोनशे टन जातायत. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो, दुप्पट नाही. म्हणून गुडघाभर पाण्यात माणूस वाहून जातो आणि काठावरचे म्हणतात अरे एवढंसंच तर होतं. रॅपिड का तयार होतो, तर बहुतेक वेळा बाजूच्या नाल्याने पुरात दगडगोटे आणून पात्रात टाकलेले असतात, पात्र आवळतं, पाणी वर तुंबतं आणि आवळलेल्या जागेतून उसळतं. म्हणजे नकाशावर बाजूचा मोठा नाला मिळताना दिसला की तिथे काहीतरी असणार हे घरी बसून कळतं. आणि हे कायमचंही नसतं, ग्रँड कॅन्यनमधला क्रिस्टल रॅपिड डिसेंबर १९६६ च्या एका पुराआधी साधा होता, बाजूच्या ओढ्याने राडारोडा आणून टाकला आणि नदीवरच्या सर्वात अवघड जागांपैकी एक होऊन बसला. त्यामुळे जुन्या माणसाचं पुस्तक वाचून रॅपिड करू नये, कोल्बचंही नाही.

स्काउटिंग कसं करतो ते बघ. होडी रॅपिडच्या बरीच वर एडीत लावायची, म्हणजे काठाशी जिथे पाणी उलटं फिरतं तिथे. चालत खाली. आधी रॅपिडच्या शेवटी जायचं, सुरुवातीला नाही, आणि शेवटाकडून वर बघत यायचं: उलटलो तर कुठे बाहेर पडणार, खाली डोह आहे की लगेच दुसरा रॅपिड, पडलेलं झाड कुठे अडकलंय का. झाड सगळ्यात वाईट. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. मग वरच्या तोंडाशी गुळगुळीत इंग्रजी व्ही सारखी जीभ दिसते, तिचं टोक खाली असेल तर ती वाट, टोक वरच्या बाजूला असेल तर तिथे खडक. एक ओंडका सोडून बघायचा तो कुठून जातो. आणि मग एक काम जे नवखे हमखास विसरतात: मागे वळून होडीकडे बघायचं आणि खुणेचा दगड पक्का करायचा, कारण काठावरच्या दहा फूट उंचीवरून जे सगळं स्वच्छ दिसत होतं ते पाण्याच्या पातळीवर बसलं की नाहीसं होतं, समोर फक्त एक आडवी रेघ दिसते आणि तिच्या पलीकडे तुषार उडताना दिसतात. त्या रेघेवर तुझा खुणेचा दगड कुठे येतोय, डावीकडे किती हात ठेवायचा, एवढंच हातात असतं.

आणि आता कॅमेरा या सगळ्यात कुठे घुसतो ते. माझी स्वतःची चूक सांगतो. एका मोहिमेत आम्ही दोन तास घालवून तीन कॅमेरे लावले, एक खाली टेलि लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) घेऊन, एक मध्ये, एक माझ्या हेल्मेटवर. तोपर्यंत दुपार झाली आणि वरचा बर्फ वितळून पाणी वाढलं, बर्फाच्या नद्यांना हे रोजचं असतं, सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त. माझा खुणेचा दगड अर्धा बुडाला होता. मला ते दिसलं. मी हात वर करून थांबा म्हणायला हवं होतं आणि होडी काठाने उचलून न्यायला हवी होती, तेच ठरलं होतं आमचं. पण तीन माणसं उन्हात फ्रेम लावून बसलेली, कार्ड फिरतंय, आणि मी गेलो. मधल्या होलमध्ये, म्हणजे खडकावरून पडलेलं पाणी जिथे मागे वळून गोल फिरतं तिथे, होडी आडवी झाली आणि मी बाहेर. पाण्याखाली किती वेळ होतो ते फुटेजवर मोजता आलं, एकोणीस सेकंद. मला ते एक मिनिट वाटलं होतं. शॉट उत्तम आला. त्या फिल्ममध्ये मी तो वापरला नाही, कारण ती क्लिप बघून दहा पोरं तिथे जातील याची खात्री होती.

तेव्हापासून एक नियम, जो मी युनिटला पहिल्या दिवशीच सांगतो. रॅपिड करायचा की नाही हे वल्हेवाला ठरवणार, कॅमेरे लावायच्या आधी ठरवणार, आणि लावल्यावरही बदलू शकणार, त्यावर कोणी तोंड वाकडं करायचं नाही. डायरेक्टर मी असेन तर वल्हेवाला दुसरा. दोन्ही एकदम मी नाही.

बाकी शूटिंगचं म्हणशील तर पहिली निराशा ही असते की रॅपिड स्क्रीनवर सपाट दिसतो. जिथे तुझी फाटली होती ती लाट टीव्हीवर आंघोळीच्या बादलीतल्यासारखी दिसते. कारण आपण शूट करतो वरून, दरडीवर उभं राहून, वाइड लेन्सने, आणि उतार त्यात मरतो. खाली जा, पाण्याच्या जवळ, रॅपिडच्या खालच्या टोकाला, आणि लांबच्या लेन्सने वर बघत शूट कर, लाटा एकमेकींवर चढलेल्या दिसतात, उतार कळतो. फ्रेममध्ये माणूस हवा, नाहीतर खडक घराएवढा आहे की टेबलाएवढा कळत नाही. ड्रोनचा फार भरवसा धरू नकोस, अरुंद घळीत वरचं आकाश थोडं दिसतं म्हणून जीपीएस नीट पकडत नाही, आणि सिग्नल गेला की तो सरळ घरी यायला निघतो तो मधल्या कड्यावर. रिटर्नची उंची आधी कड्याच्या वर सेट करायची, एवढं केलं तरी एक ड्रोन वाचतो. आवाजाचं तर विचारूच नकोस. नदीशेजारी घेतलेली मुलाखत म्हणजे पाठीमागे गिरणी चालू असल्यासारखं. माणसाला नदीपासून लांब, एखाद्या मोठ्या दगडाच्या आड नेऊन बोलतं करायचं, आणि नदीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा, डोहाचा वेगळा, रॅपिडचा वेगळा, रात्रीचा वेगळा. प्रत्येक जागेचं नाव आधी माइकवर बोलायचं, नाहीतर घरी आल्यावर चाळीस फाइल्स आणि सगळ्यांत नुसता खळखळाट.

वाळू. पाण्याने माझं जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं वाळूने केलंय. वॉटरप्रूफ पेटीच्या रबरी कडेवर एक कण राहिला होता, एकच, आणि रात्रभरात पेटीत दोन बोटं पाणी. दोन दिवसांचं शूट त्यात गेलं कारण कॉपी करायचा कंटाळा केला होता. आता झाकण लावायच्या आधी रबरावरून बोट फिरवतो, दर वेळी, आणि कार्डांच्या दोन कॉप्या दोन वेगवेगळ्या होड्यांत. एकाच होडीत दोन कॉप्या म्हणजे एकच कॉपी.

आता लिहिणं. इथे लोक सगळ्यात ढिले असतात, फुटेज आहे ना, बघून लिहू म्हणतात. फुटेजमध्ये थंडी नसते, कोण कोणाशी दोन दिवस बोलत नव्हता ते नसतं, भीती तर नसतेच कारण कॅमेरा चालू असला की सगळे हसतात. रोज संध्याकाळी, टेंट लावून झाला की जेवायच्या आधी (जेवल्यावर झोप येते) वीस मिनिटं वही. पेन्सिलने, पेनची शाई ओली झाली की पसरते. मी तीन गोष्टी लिहितोच: पाण्याची पातळी आणि रंग, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दात, आणि मी आज कुठे घाबरलो. तिसरी लिहायला लाज वाटते, पण पुस्तक लिहिताना उपयोगी पडते तीच.

खरं-खोट्याचं पण बोलायला हवं. पॉवेल घे. एक हात अमेरिकेच्या यादवी युद्धात, शिलोच्या लढाईत १८६२ ला गेलेला माणूस, १८६९ मध्ये स्वतः धरून दहा जण आणि चार होड्या घेऊन अज्ञात नदीत उतरतो आणि तीन महिन्यांनी सहा जण, दोन होड्या बाहेर येतात. एक जण आधीच सोडून गेला होता, आणि तिघे शेवटाच्या अगदी जवळ, २८ ऑगस्टला, एका रॅपिडला घाबरून कडा चढून निघून गेले ते मारले गेले. मोहीम दोन दिवसांत संपणार होती. याच्याइतकी गोष्ट कोणाकडे नाही. आणि तरी त्याने १८७५ मध्ये जो वृत्तांत छापला त्यात दुसऱ्या मोहिमेतले प्रसंग उचलून १८६९ मध्ये घातले, आणि दुसऱ्या मोहिमेच्या माणसांची नावंसुद्धा घेतली नाहीत. ती माणसं आयुष्यभर हे विसरली नाहीत, आणि अभ्यासक अजून तारखा सोडवत बसलेत. मला पॉवेल आवडतो, पण हे मला आवडत नाही. एडिटिंग टेबलवर तुलाही हा मोह होणार आहे, मंगळवारची उलटलेली होडी शनिवारच्या रॅपिडला जोडायचा. प्रेक्षकाला कळणार नाही. बरोबरच्यांना कळेल.

आणि उलट टोक म्हणजे किंटुप. हा माणूस माझ्या यादीत सगळ्यांच्या वर आहे. सिक्कीमचा, लिहिता-वाचता येत नव्हतं. तिबेटमधली त्सांगपो आणि आसामातली ब्रह्मपुत्रा एकच का हा प्रश्न तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाला सुटत नव्हता, म्हणून १८८० मध्ये त्याला एका लामाबरोबर गुपचूप पाठवलं, काम असं की खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे आणि खाली आसामात माणसं ते येतायत का बघतील. लामाने वाटेत त्याला गुलाम म्हणून विकून टाकलं. हा पळाला, मठात आसरा घेतला, तिथून यात्रेच्या नावाने सुट्ट्या मागत मागत ओंडके तयार केले, पाचशे, दुसऱ्याकडून पत्र लिहवून अमुक तारखेपासून सोडतोय असा निरोप पाठवला, आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास असे दहा दिवस सोडले. खाली कोणीच बघत नव्हतं. ज्या अधिकाऱ्यासाठी पत्र होतं तो तोपर्यंत भारत सोडून गेला होता. किंटुप चार वर्षांनी परत आला, सगळं तोंडाने सांगितलं, कोणी तरी लिहून घेतलं, आणि बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन ब्रिटिश अधिकारी त्सांगपोच्या घळीत जाऊन आले तेव्हा लक्षात आलं की याचं बहुतेक सगळं बरोबर होतं. तोपर्यंत तो दार्जिलिंगला शिंपीकाम करत होता. अशिक्षित माणूस चार वर्षं फिरलेली नदी गाव-गाव क्रमाने लक्षात ठेवतो, आणि आपण कार्ड करप्ट झालं म्हणून रडतो. तुझ्या तिसऱ्या कामाबद्दल, लिहिण्याबद्दल, तुला आळस आला की हे पाचशे ओंडके आठव.

त्याच घळीचा वरचा भाग २००२ मध्ये स्कॉट लिंडग्रेन या अमेरिकन कयाकरच्या टीमने कयाकने (एकट्याने बसायची अरुंद होडी) केला, तेही मुद्दाम हिवाळ्यात, पाणी सर्वात कमी असताना, आणि काठाने सामान वाहणारी मोठी फौज बरोबर होती. फिल्ममध्ये कयाक दिसतात, पण ती मोहीम काठावरच्या लोकांच्या पायांवर चालली होती. एडमंड हिलरीने १९७७ मध्ये जेटबोटींनी गंगा खालून वर केली, गंगासागरापासून, पुढे नंदप्रयागजवळ धबधब्याने वाट अडवली आणि त्यानंतर डोंगरात तो स्वतः उंचीच्या आजाराने पडला. पुस्तक त्याने लिहिलं. फिल्म मात्र मायकेल डिलनची. म्हणजे एव्हरेस्टवाल्यालासुद्धा तिन्ही एकट्याने करावंसं वाटलं नाही, तर तू पहिल्याच नदीला हट्ट कशाला करतोस? एक दोस्त शोध जो तुझ्यापेक्षा बरा शूट करतो आणि ज्याला पाण्याची भीती वाटते. भीती वाटणारा कॅमेरामन चांगला असतो, काठावर नीट जागा शोधतो.

पैशाचं लवकर आवरतो कारण सांगण्यासारखं फार नाही. फिल्म विकून कोणी श्रीमंत झालेला मी बघितला नाही. माझं घर चालतं ते सीझनमध्ये गाइडिंगवर, रेस्क्यू शिकवण्यावर, दुसऱ्यांच्या शूटला सेफ्टी बोट पुरवण्यावर आणि व्याख्यानांवर, तो कोल्बचाच मार्ग. जुनं फुटेज अधूनमधून कोणीतरी विकत घेतं, विशेषतः जिथे नंतर धरण झालं तिथलं. पुस्तकाने थेट पैसे कमी दिले पण त्यामुळे व्याख्यानं मिळाली. स्पॉन्सर होड्या आणि कपडे देतात, भाडं देत नाहीत. आणि फिल्मचं बजेट करताना सगळे मोहिमेचं करतात आणि एडिटिंगचं विसरतात, मीही पहिल्यांदा विसरलो होतो, फिल्म दीड वर्ष हार्डडिस्कवर पडून राहिली.

सुरुवात कशी करायची ते: पोहणं धडाचं येत असेल तर आधी वाहत्या पाण्याच्या रेस्क्यूचा कोर्स कर, थ्रो बॅग (दोर भरलेली पिशवी) फेकायला शीक आणि स्वतः पन्नास वेळा वाहत जाऊन बघ, पाय पाण्याच्या वर आणि प्रवाह जातो त्या दिशेला पुढे ठेवून, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकला की पाणी माणसाला पुढे वाकवून बुडवतं. रानातल्या प्रथमोपचाराचा मोठा कोर्स असतो सत्तर-ऐंशी तासांचा, तो कर. एक अख्खा सीझन कोणाच्या तरी हाताखाली काढ, सामान उचल, होड्या धू. छोटे सपाट बंधारे दिसले की लांबून काठाला लाग, ते निरुपद्रवी दिसतात आणि खालच्या गोल फिरणाऱ्या पाण्यातून चांगले पोहणारेही निघत नाहीत. मग एक छोटी नदी घे, चार-पाच दिवसांची, ओळखीची, आणि तिची दहा मिनिटांची फिल्म आणि दोन हजार शब्द एवढं पूर्ण करून दाखव. पूर्ण. अर्धवट मोहिमा माफ असतात, अर्धवट फिल्मा साठत जातात. परवानग्यांचं काम मोहिमेच्या आधी वर्षभर सुरू कर, ड्रोनची परवानगी वेगळी, सीमेजवळची नदी असेल तर अजून वेगळी.

आणि मोठी नदी कोणती ते एकदा कळव, कुठल्या महिन्यात जायचा विचार आहे तेही. त्या महिन्यातलं गेल्या दहा वर्षांचं पाण्याचं रेकॉर्ड कुठे मिळत असेल तर तेवढं काढून ठेव, कॅमेरा कोणता घेऊ ते आपण त्यानंतर बोलू.